कानेझोच्या मुळ्याला दोन पाय

यंदा कानेझोची जिरवायचीच, असं मी ठरवलं होतं! आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं!

कानेझो आमचा शेजारी. दर हिवाळ्यात डोंगरावरच्या जुन्या देवळात अख्खं गाव दाइकोकू देवापुढे मुळे ठेवतं, आणि पहिला मान कानेझोच्या मुळ्याला! सासऱ्यांचं तर जेवतानाही सुरू, "मुळा असावा तर कानेझोचा! कसा सरळसोट!" मी पडलो घरजावई, तोही बंदरावरचा. तीन वर्षं शेतात राबलो, पण माझ्या मुळ्याकडे बघून त्यांनी साधं 'हं' केलं नाही. जळून नुसता कोळसा झालो होतो!

म्हणून मुळे पेरले त्याच आठवड्यात गुपचूप देवळाच्या दीडशे पायऱ्या चढलो. इच्छा लिहून टांगायची लाकडी पाटी घेतली आणि लिहिलं, 'कानेझोच्या सगळ्यात मोठ्या मुळ्याला दोन पाय फुटू देत.' असला फाटे फुटलेला मुळा बाजारात कोण विचारतो? खाली नेहमीसारखं नाव-पत्ता घातला. नाहीतर देवाला कसं कळणार, कोण मागतंय? पाटी टांगली, दोन टाळ्या वाजवल्या आणि उतरायला लागलो.

निम्म्या वाटेवर दरदरून घाम फुटला. नाव-पत्ता! धावत वर गेलो, तर पुजारीबुवा चष्मा लावून माझीच पाटी वाचतायत! तसाच मागे फिरलो.

सणाच्या दिवशी कानेझो मुळा घेऊन आला. खरंच दोन पाय! मांडी घालून बसेल असा! मी खुशीत येतोय, तोच पुजारीबुवा ओरडले, "नवरी आली! देवाची नवरी आली!"

"कोण नवरी?" मी बायकोला विचारलं.

"अहो, दोन पायांचा मुळा म्हणजे दाइकोकूची नवरी!" मित्सुयो म्हणाली. "ज्याच्या शेतात निघतो, त्याच्या घरी वर्षभर बरकत. तुमच्या बंदरावर एवढंही शिकवत नाहीत?"

मुळा थेट गाभाऱ्यात गेला. वर पुजारीबुवांनी माझी पाटी मोठ्याने वाचून दाखवली, नाव-पत्त्यासकट! "शेजाऱ्याचं भलं मागणारा माणूस या गावात पहिल्यांदाच बघतोय!"

कानेझो माझ्यापुढे कमरेत वाकला. डोळ्यांत पाणी. "मोरिओसान, मी तुम्हाला जळका समजत होतो हो! माफ करा!"

सासरे मात्र फुगले होते. "काय जावईबापू, दोन शब्द आपल्या मुळ्यासाठी लिहिले असते तर बोटं झिजली असती?"

काय सांगणार कपाळ! मी मान खाली घातली.

"बघा!" कानेझो गहिवरून म्हणाला. "आणि वर किती विनम्र!"