बागेतील अचल शोभेच्या वस्तू

२००४ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्ग येथील सॉफ्टवेअर टेस्टर पुरुषोत्तम घाटपांडे याच्या रक्तदाबाची डॉक्टरांनी गंभीर दखल घेतली आणि एखादा छंद धरण्याचा आदेश दिला. छंद शांत असावा, घरच्या घरी करता यावा आणि त्याचा कॉम्प्युटरशी संबंध नसावा, अशा अटी होत्या.

पुरुषोत्तमने फेझंट पाळायचं ठरवलं. फेझंट म्हणजे कोंबडीच्या कुळातला, लांब शेपटीचा रानपक्षी. लायब्ररीतल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की नवशिक्याने सोनेरी फेझंट घ्यावा. तो काटक असतो, बर्फ पडला तरी बाहेर मजेत राहतो.

"सगळ्यांसारखं गोल्फ का नाही खेळत तू?" बायकोने, विनीताने विचारलं.

"सगळे भेटतात तिथे," तो म्हणाला.

अख्खा मे महिना खपून त्याने मागच्या अंगणात पिंजरा बांधला. वर जाळी, वाऱ्याच्या बाजूला फळ्यांचा आडोसा, बसायला दांड्या. राज्याचा परवाना आठ दिवसांत आला. मग कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं.

असोसिएशनच्या अध्यक्षा मिसेस हॅलोरन यांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. कॉलनीत कोंबड्यांना बंदी होती, पण फेझंट ही कोंबडी नाही हे त्यांनी मान्य केलं. तो कुत्रा नाही आणि मांजरही नाही, हेही त्यांनी नोंदवून घेतलं.

"तेव्हा आमच्या नियमावलीत तो एकाच ठिकाणी बसतो," त्या म्हणाल्या. "बागेतील शोभेची वस्तू. प्रत्येक घराला तीन. रंग मात्र मंजूर यादीतला हवा. करडा, राखाडी किंवा तपकिरी."

सोनेरी नर लालपिवळा असतो. तो बाद झाला. मादी तपकिरी असते, म्हणून पुरुषोत्तमने तीन माद्या आणल्या. उरली शेवटची अट. शोभेची वस्तू अचल असावी.

तपासणीच्या दिवशी पुरुषोत्तमचा रक्तदाब डॉक्टरांनी पाहायला नको होता. पण मिसेस हॅलोरन फाइल घेऊन अंगणात आल्या आणि त्यांना पाहताच तिन्ही माद्या जागच्या जागी थिजल्या. भ्याला की हा पक्षी दगडासारखा दबून बसतो. अकरा मिनिटं एक पीससुद्धा हललं नाही.

"उत्तम," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "मधली जरा कलली आहे. सरळ करून घ्या."

त्यानंतरचे पाच महिने सुखाचे गेले. पुरुषोत्तम ऑफिसातून आला की कोथिंबिरीची जुडी घेऊन पिंजऱ्यात जाऊन बसायचा. माद्या त्याच्या हातातून पानं टिपायच्या. रक्तदाब उतरला. एक दिवस तो गुणगुणताना सापडला.

नोव्हेंबरात नोटीस आली. शोभेच्या वस्तू १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च घरात ठेवाव्यात.

"अहो, थंडी सोसतात म्हणूनच तर हे पक्षी निवडले!" तो म्हणाला.

"शोभेच्या वस्तूला थंडी सोसते की नाही, हा विषय समितीच्या कक्षेत येत नाही," मिसेस हॅलोरन म्हणाल्या.

माद्या हॉलमध्ये आल्या. हीटिंगच्या उबेने त्या चोची उघडून धापा टाकू लागल्या. तिसऱ्या दिवशी कललेलीने खाणं सोडलं. तिला मांडीवर घेऊन पुरुषोत्तम तासभर बसला, मग उठून त्याने हीटिंग बंद केलं आणि खिडक्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत ती दाणे टिपू लागली.

विनीता जॅकेट घालून पोहे करू लागली. मुलगी इशिता हातमोजे घालून होमवर्क करी. "डॅड, माय सूप हॅज आइस," एवढीच तिची तक्रार होती. लोक जेवायला येईनात.

असे तीन हिवाळे गेले. एवढा नियम पाळणारा माणूस कॉलनीने पाहिला नव्हता. २००७ साली पुरुषोत्तम पाच जणांच्या समितीवर बिनविरोध निवडून आला.

त्याच उन्हाळ्यात शेजारी राहायला आलेल्या नागपूरच्या नंदूने हौसेने तीन फेझंट माद्या आणल्या. घरात सहा महिन्यांचं बाळ होतं. त्याने समितीपुढे अर्ज ठेवला: जिवंत शोभेच्या वस्तूंना हिवाळ्यात अंगणातच राहू द्यावं.

"दादा, तुम्हाला तर सगळं माहीत आहे यार," तो सभेपूर्वी पुरुषोत्तमला म्हणाला. "बाळाला घेऊन कुठे कुडकुडत बसू? बस, एक हात वर करा."

मिसेस हॅलोरनसुद्धा वयोमानाने मवाळ झाल्या होत्या. त्यांनी अर्जाच्या बाजूने मत दिलं. दोन विरुद्ध दोन झाले. सगळे पुरुषोत्तमकडे पाहू लागले.

तो उभा राहिला. "आम्ही तीन हिवाळे काढले," तो म्हणाला. "आम्हाला काही झालं का? नियम म्हणजे नियम." आणि त्याने विरोधात हात वर केला.

अर्ज फेटाळला गेला. नंदू अर्जाची घडी करून निघून गेला. बाहेर पार्किंगमध्ये विनीताने पुरुषोत्तमला गाठलं.

"अरे, वेड लागलंय का तुला? अर्ज पास झाला असता तर आपल्याही माद्या बाहेर राहिल्या असत्या!"

"हो," पुरुषोत्तम म्हणाला. "पण नंदूच्याही राहिल्या असत्या."

जवळून जाणाऱ्या तिघाचौघांनी हे ऐकून समजूतदारपणे मान हलवली. तुम्हीही हलवलीत, ते दिसलं.