तळ्यापर्यंत जाऊन येण्याबाबत

निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या निरोपाविषयी इच्छा व्यक्त करावी, अशी तरतूद आमच्या कार्यालयाच्या नियमांत नाही. निरोप कार्यालय देते आणि तो अधिकाऱ्याने निमूटपणे घ्यायचा असतो. तरीही आमच्या लेखाधिकारी बाईंनी इच्छा व्यक्त केली आणि पुढचे सगळे रामायण घडले.

बाईंना त्यांच्या पाठीमागे आम्ही 'त्रुटीबाई' म्हणत असू. कोणताही कागद त्यांच्या टेबलावर गेला की 'त्रुटी' असा लाल शेरा घेऊनच परत येई.

"मला हार नकोत, भाषणं तर मुळीच नकोत," त्या म्हणाल्या. "माझ्या खिडकीतून समोरचा डोंगर दिसतो. वर जंगल आहे, जंगलात तळं आहे म्हणतात. खाली वनउद्यानाच्या फाटकावर पाटी आहे, 'मध्यम कठीण, वर्तुळाकार वाट'. इतकी वर्षं नुसतं बघतेय हो! महिनाअखेरीस मी लेकीकडे कायमची जाणार, आणि तिच्या गावात सगळं सपाट. त्याआधी एकदा सगळे मिळून जाऊन येऊ. बूट घालायचे, पाणी घ्यायचं आणि निघायचं."

त्रुटीबाईंनी आमच्याकडे काही मागावे, हेच नवल होते. आम्ही गहिवरलो. गहिवरून आले की आमच्याकडे समिती नेमतात. साहेब अध्यक्ष झाले आणि मी सदस्य-सचिव.

"मग कधी जायचं?" बाईंनी मला विचारले.

"कळवतो, मॅडम."

पहिल्याच बैठकीत विधी अधिकाऱ्यांनी बोट वर केले. "मध्यम म्हणजे कोणासाठी मध्यम?"

मुद्दा रास्त होता. साहेब लिफ्ट बंद असली की घरूनच काम करतात, तर आमचा पहारेकरी गंमत म्हणून जिने पळत चढतो. दोघांनाही गच्चीपर्यंत चढवण्यात आले, दोघांना लागलेली धाप मोजण्यात आली आणि तिची सरासरी काढण्यात आली. ही सरासरी कार्यालयातल्या एकाही माणसाला लागू पडेना. त्यामुळे ती कोणावरही अन्याय न करणारी आहे, असे ठरून एकमताने मंजूर झाली.

भांडारपालांच्या उत्साहाला तर उधाण आले. बूट आले, काठ्या आल्या, दुर्बिणी आल्या. इतके खिसे असलेली जाकिटे आली की माणसे पेन ठेवून दिवसभर तेच शोधत बसत. होकायंत्रे मात्र परत पाठवावी लागली. सगळीच्या सगळी उत्तर दिशा दाखवत होती आणि एवढ्या एकाच दिशेची आम्हाला गरज नव्हती.

"बूट आलेत ना? मग निघू या की," बाई म्हणाल्या.

"कळवतो, मॅडम."

खरे घोडे अडले ते वर्तुळावर. विधी अधिकाऱ्यांनी एक जुने परिपत्रक वाचून दाखवले. "निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण एकच असल्यास प्रवास झाला असे मानता येणार नाही." खाली सही त्रुटीबाईंची.

बाईंनी ते दोनदा वाचले. "नियम माझाच आहे," त्या म्हणाल्या, "आणि यात त्रुटी नाही." एवढ्या खिन्न स्वरात त्यांनी कोणताही कागद आजवर मंजूर केला नव्हता. मला फार वाईट वाटले. मी तसे इतिवृत्तात नोंदवले.

"म्हणजे डोंगरावर गेलो, तरी कागदोपत्री आपण इथेच," साहेब सावकाश म्हणाले. मग त्यांचा चेहरा लिफ्ट सुरू झाल्यासारखा खुलला. "तर मग इथेच राहून डोंगरावर जायला काय हरकत आहे?"

कोणालाच हरकत सापडेना. शिवाय आमचा मधला मजलाही वर्तुळाकारच आहे. लिफ्टपासून निघालेला माणूस, वाटेत कोणी काम सांगितले नाही तर, पुन्हा लिफ्टपाशीच येतो. भिंतींवर बाण चिकटवण्यात आले. जुन्या फायलींची खोली हे घनदाट अरण्य ठरले, गळका नळ धबधबा ठरला आणि त्याच्याखालचे साचलेले पाणी तळे. ध्वनिक्षेपकावर पाखरे किलबिलू लागली. बाईंच्या शेवटच्या दिवशी दुपारी साहेबांनी झेंडा दाखवला आणि सगळे कार्यालय काठ्या टेकत निघाले.

काय ती धमाल! आस्थापना शाखा अरण्यात वाट चुकली. तिच्या शोधार्थ गेलेली वसुली शाखाही चुकली. भांडारपाल तळ्यात घसरले आणि टाळ्या मिळाल्या म्हणून पुन्हा घसरले. परवान्यासाठी आलेला एक नागरिक गर्दीत सापडून अख्खी फेरी मारून निघाल्या जागी परतला. "मी तर महिनोन्महिने हेच करतोय," तो हरखून म्हणाला, "याला पदभ्रमंती म्हणतात हे माहीत नव्हतं!"

समारोपात साहेबांनी मोहीम फत्ते झाल्याचे जाहीर केले. सत्कारासाठी बाईंना पुढे बोलावले, तर बाईच नाहीत. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"तळ्यावर आहे मी," बाईंचा आवाज वाऱ्यात फडफडत होता. "चालत आले. अहो, इतकं सोपं आहे! मध्ये थोडी धाप लागते, तेवढंच. आणि पाणी काय निळंशार आहे! या ना सगळे. भरपूर उजेड आहे अजून. मी थांबते."

आम्ही खिडकीकडे धावलो. दुर्बिणी पहिल्यांदाच उपयोगी पडल्या. वर झाडांच्या मोकळ्या फटीत एक ठिपका हात हलवत होता. आमच्या पायांत बूट होते, हातांत काठ्या होत्या, बाटल्या भरलेल्या होत्या. क्षणभर सगळ्यांच्या अंगात वारे शिरले. पहारेकरी तर जिन्यापर्यंत पोहोचलाही.

"चला!" साहेब ओरडले.

"सगळे?" विधी अधिकाऱ्यांनी विचारले.

साहेब थबकले. "बरोबर. आधी कोण कोण येणार, ते ठरवू." सगळे पुन्हा खुर्च्या ओढून बसले. पहारेकऱ्याला परत बोलावण्यात आले.

"येताय ना?" बाईंनी फोनवर विचारले.

मी खिडकीतून त्या ठिपक्याकडे पाहिले. पाय अक्षरशः शिवशिवत होते. "कळवतो, मॅडम," मी म्हणालो.

पलीकडे बाई हसल्या. "त्रुटी," एवढेच म्हणाल्या आणि फोन ठेवला. उजेड होता तोवर ठिपका दिसत होता. आमची बैठक त्यानंतरही चालू होती.

तुम्हाला आमचे हसू येत असेल. खुशाल हसा. पण हसून झाले की जरा फोन उघडा. 'एकदा सगळे मिळून जाऊ या' म्हणणारा तुमचा तो ग्रुप शोधा. बराच खाली गेला असेल. कोणीतरी 'येताय ना?' विचारून तिथे अजून थांबले आहे, आणि त्याखाली तुमचाच शेवटचा संदेश आहे. 'कळवतो.'