पेलिकनच्या तोंडातले मासे

एका जंगलात, बाळांनो, नदीकाठच्या बिळांना फार भाव आला होता. तिथे तुळाजी मुंगसाचं एक ऐसपैस बीळ होतं. ते बयाजी पाणमांजराला हवं होतं. त्याच्या बायकोचे, सगुणाचे, दिवस भरत आले होते. किंमत ठरली टोपलीभर जिवंत मासे.

"आधी मासे," तुळाजी म्हणाला.

"आधी बीळ," बयाजी म्हणाला.

दोघंही अनुभवी होते. म्हणजे दोघांनीही पूर्वी कुणाला तरी फसवलं होतं.

मग कावळे वकील आले. म्हणाले, "एस्क्रो करा."

"चावतो का तो?" सगुणाने विचारलं.

"नाही हो वहिनी. मासे तिसऱ्याकडे ठेवायचे. तुळाजीने बीळ रिकामं केलं, की मासे त्याचे. नाही केलं, तर तुम्हाला परत. तोवर दोघांनीही हात लावायचा नाही."

"आणि तिसऱ्याने?"

"त्याने गिळायचं नाही."

तिसरा म्हणून पेलिकन मिळाला. चोचीखाली जन्मजात पिशवी, शिवाय घराणं अब्रूदार. त्याने पाण्यासकट मासे पिशवीत घेतले आणि तोंड मिटलं.

तुळाजीने लगेच बीळ झाडून रिकामं केलं. आता पेलिकनने 'अट पूर्ण झाली' एवढंच मोठ्याने जाहीर करायचं होतं. त्याने बीळ पाहिलं. मान डोलावली. पण बोलेना.

"मान डोलावणं कायद्यात बसत नाही," कावळे वकील म्हणाले.

"गिळणार हा," तुळाजी कुजबुजला.

"घसा बघा कसा हलतोय," बयाजी म्हणाला.

दोघं पेलिकनसमोर पहाऱ्याला बसले. बसल्या बसल्या सुखदुःखाचं बोलू लागले. तेवढ्यात सगुणाला कळा सुरू झाल्या.

"अरे, वहिनींना आत ने! करार गेला खड्ड्यात!" तुळाजी ओरडला.

सगुणा बिळात सुखरूप बाळंत झाली. बयाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोघांनी गळ्यात गळा घालून पेलिकनला दरडावलं, "बोल आता!"

पेलिकन खरंच प्रामाणिक होता, बाळांनो. त्याने एकही मासा गिळला नव्हता. त्याने तोंड उघडलं. "अट पू—"

सगळे मासे नदीत.

"चोर!" तुळाजी म्हणाला.

"अट्टल चोर!" बयाजी म्हणाला. "तुळाजीदादा, मासे मी पुन्हा पकडून देतो."

"सावकाश दे रे. तू काय परका आहेस?"

आणि दोघांनी मिळून पेलिकनला जंगलाबाहेर पिटाळलं. कावळे वकिलांनी आपली फी आगाऊ घेतली होती.

तात्पर्य: व्यवहारात तिसरा माणूस प्रामाणिकच शोधावा. दोघांची मैत्री जुळायला शिव्या घालण्यासाठी कुणीतरी लागतंच.