शिकलगारभाऊंचा ताळा

शिकलगारभाऊंना कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी ते 'परत म्हणा' म्हणत. कान शाबूत होते, पण एकदा ऐकलेल्यावर त्यांचा भरवसा नसे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला 'जिलबी' दोनदा म्हणायला लावणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

सांगलीच्या आमच्या रक्तपेढीत रक्तदात्यांची यादी संगणकावर चढवली ती त्यांनीच. यादीत बदल करणाऱ्यानं तो मोठ्यानं वाचायचा आणि शेजारच्यानं 'परत म्हणा' म्हणायचं, हा नियमही त्यांचाच. यादीची दुसरी प्रत साताऱ्याच्या शाखेत होती. रोजचे बदल संध्याकाळी फोनच्या तारेवरून इकडून तिकडे जात आणि तिकडचे इकडे येत. पण दोन्ही प्रती खरंच सारख्या आहेत का, या काळजीनं भाऊंना जेवण जाईना. शेवटी त्यांनी प्रत्येक नोंदीला एक ताळा, म्हणजे तिच्या अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, लावायचं ठरवलं. एक अक्षर इकडंतिकडं झालं तरी दोन्हीकडचे ताळे जुळणार नाहीत आणि संगणक ओरडेल.

पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, त्यासाठी यादी दोन दिवस बंद ठेवावी लागेल. भाऊ उखडलेच.

"रक्त मागाय आलेल्या माणसाला परवा या म्हणायचं व्हय?"

त्यांनी आधी फक्त साताऱ्याची प्रत बाजूला काढली. तिला ताळे लावले, मधल्या वेळातले बदल भरून घेतले. मग आमचं काम तिच्यावर सोपवलं. रक्तासाठी फोन आला की आम्ही साताऱ्याला विचारून नाव सांगत होतो आणि इकडे सांगलीचेही ताळे लावून होत होते. या सगळ्यात यादी बंद राहिली ती चहा पिऊन होईपर्यंत, आणि तोही भाऊंनी बशीत ओतून घेतलेला. इंजिनिअरनं हात जोडले. मला इतका आनंद झाला, की मी वॉचमनलाही मिठी मारली.

मग संगणक ओरडला. एवढ्या यादीत एकच नोंद जुळत नव्हती, ती भाऊंच्या बायकोची. रेहाना शिकलगार, ओ निगेटिव्ह. वहिनींच्या माहेरी साताऱ्यात 'मयत', आमच्याकडे हयात. साताऱ्याहून आलेला तो बदल भाऊंनी चार वर्षं इथं घेतलाच नव्हता.

"आमचा दोघांचा गट एकच," ते हळूच म्हणाले. "तिचं नाव निघालं की रक्त द्यायला मी जातो."

मी दुरुस्त करू का, असं विचारलं तर नको म्हणाले. स्वतः खुर्ची ओढून बसले आणि 'मयत'चं एकेक अक्षर दाबलं. ताळा जमला. मग त्यांनी ती नोंद मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

नियमाप्रमाणे मी 'परत म्हणा' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही.