धुराच्या वाटणीची चाळीस झाडं

नानासाहेबाला फसवणारा माणूस अवसरी बुद्रुकात अजून जन्माला यायचा होता. निदान खुद्द नानासाहेबाचं तसं ठाम म्हणणं होतं. अहो, दूध जरा पातळ निघालं तरी तो आपल्याच म्हशीकडं संशयानं बघायचा!

म्हणूनच २००८ साली पुतण्या प्रबुद्धनं एका परदेशी विमान कंपनीची आंब्याची चाळीस रोपं फुकट आणून त्याच्या बांधावर लावली, तेव्हा लगेच शंकेची पाल चुकचुकली.

“विमानवाल्यांना माझ्या बांधाचा येवढा पुळका कशापायी?”

“तिकडं नियम व्हतोय, नाना. विमानानं जेवढा धूर सोडायचा, तेवढा गिळायला झाडं लावायची.”

“धूर आभाळात, आन् झाडं अवसरीत?”

सहा महिन्यांनी प्रबुद्धचा निरोप आला, कंपनीचा साहेब उद्या झाडं मोजायला येतोय. नानासाहेबानं हातातला घास ताटात ठेवला. झाडं मोजतात कधी? जमीन जायची असते तेव्हा! शेजारच्या गेणभाऊचं रान रस्त्यात गेलं, त्याआधीही असाच एक साहेब झाडं मोजून गेला होता. आणि हा तर विमानवाला.

“द्रौपदा, आपल्या रानात विमानतळ व्हतोय,” तो बायकोला म्हणाला.

बापानं गवंडीकाम करून घेतलेली दीड एकर. ती जाणार म्हणताना त्याला रडूच फुटलं. मग डोकं चाललं. झाडंच नसली तर मोजणार काय? सकाळी उठून त्यानं सगळी रोपं उपटली आणि गोठ्यात दडवली.

दुपारी प्रबुद्धबरोबर गोरा साहेब टेप घेऊन आला. बांधावर नुसते खड्डे.

“नाना, झाडं कुठायत?” प्रबुद्धनं विचारलं.

“आधी जमीन घ्यायचा कागद दाव.”

प्रबुद्धनं कपाळाला हात लावला. “जमीन कुणाला पायजे? झाडं जगली का, येवढंच बघायला आलाय त्यो.”

नानासाहेबाचा जीव भांड्यात पडला. धावतच तो गोठ्यात गेला. म्हैस रवंथ करत बसली होती. समोर चाळीस काड्या. जिच्यावर जन्मभर संशय घेतला, तिच्यावर त्यानं नेमका आजच विश्वास टाकला होता.

साहेब हळहळला. नवी रोपं देतो, पुढल्या वर्षी पुन्हा मोजायला येतो, म्हणाला.

“येतो कशानं ह्यो?” नानासाहेबानं विचारलं.

“विमानानंच की.”

“मग ह्याच्या जाण्यायेण्याच्या धुराला किती झाडं लागत्यात?”

प्रबुद्धनं साहेबाला विचारलं. साहेबानं मोबाइलवर आकडे दाबले आणि तो जरासा लाजला.

“चाळीसेक,” प्रबुद्ध म्हणाला.

“मग त्याला म्हणावं, पुढल्या वर्षी घरीच ऱ्हा,” नानासाहेब म्हणाला. “म्हंजे माझ्या म्हशीनं खाल्ली ती फिटली.”