तरुण प्रेक्षक सापडला

रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमासाठी वाहिनीने नवा सूत्रसंचालक नेमला, कारण जुन्याचे प्रेक्षक म्हातारे होत चालले होते आणि ही बाब वाहिनीच्या धोरणात बसत नव्हती. नव्याला काम एकच: तरुण प्रेक्षक आणणे. न आणल्यास त्या वेळेत स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचे जुने भाग दाखवून त्याला मोकळं करण्यात येणार होतं.

(टाळ्या. आधीच ध्वनिमुद्रित.)

त्याने जिवाचं रान केलं. गुडघ्यांवर फाटलेली जीन्स घातली. सोफा हलवून जमिनीवर गाद्या टाकल्या. पाहुणे म्हणून आलेले ज्येष्ठ अभिनेते एकदा खाली बसले, ते चौघांनी धरून उठवेपर्यंत बसलेलेच. तरुण काही फिरकले नाहीत. सख्खी धाकटी बहीणसुद्धा.

"दादा, मी बघते ना तुला फोनवर."

"कुठवर बघतेस?"

"पहिला विनोद येईपर्यंत."

"आणि मग?"

"अजून आला नाही."

(हशा. हाही.)

तेवढ्यात तरुण प्रेक्षक सापडला.

काही निवडक घरांतल्या टीव्हीला मोजणीचं यंत्र लावलेलं असतं. घरातल्या प्रत्येकाचं एक बटण; बघायला बसलं की आपापलं दाबायचं. त्यातल्या एका घरातलं एकविशीतलं बटण रोज कार्यक्रम संपेपर्यंत दाबलेलं असे. संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे ते एकटं बटण नव्हतं, तो लाखभर तरुणांचा समुदाय होता.

वाहिनीप्रमुख मॅडमनी समुदायाच्या आवडीनिवडी तपासल्या. ढणढणाट सुरू झाला की तो वाहिनी बदलतो. गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात मात्र पूर्ण बघतो.

"नव्या पिढीला गुडघे हवेत," मॅडम म्हणाल्या. "आणि तू जरा सावकाश बोल. मोठ्याने."

"मॅडम, एकवीस वर्षांच्या मुलाला गुडघे..."

"आता तू तरुणांना अक्कल शिकवणार?"

सोफा परत आला. हाडांचे डॉक्टर आले. जीन्स शिवून घेण्यात आली. निरोप घेताना सूत्रसंचालक "गोळी घेतली ना?" असं विचारू लागला आणि जाहिरातदारांनी याला बंडखोरी म्हटलं. इतर वाहिन्यांनीही गुडघे सुरू केले. तरुणांना काय आवडतं हे वर्तमानपत्रात वाचून तरुणही सावध झाले. महाविद्यालयांच्या आवारात नक्षीदार काठ्या दिसू लागल्या. कार्यक्रम त्यांच्यापैकी कोणीही पाहिला नव्हता.

मॅडमनी त्या बटणाचा सत्कार ठरवला. अशा घरांचे पत्ते अत्यंत गोपनीय असतात, त्यामुळे या घराचा पत्ता दुपारपर्यंत मिळाला.

सूत्रसंचालक मानचिन्ह घेऊन गेला. दार एका आजींनी उघडलं.

"अगं बाई! तू तर टीव्हीतला! ये बाळा, बस. टीव्हीत भरलेला दिसतोस रे."

"आजी, तुमचा नातू कुठंय?"

"तो परगावी. नोकरी लागली ना. दोन वर्षं होतील आता."

"मग त्याचं बटण?"

"मी दाबते."

"तुमचं स्वतःचं आहे की!"

"माझं दाबून कोणाला काय फरक पडतो? त्याचं दाबलं की निदान मोजणीत तरी तो घरी असतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "चुकलं का रे माझं? मी सांगून टाकू का त्या यंत्रवाल्याला?"

सूत्रसंचालकाच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकाचे जुने भाग एकापाठोपाठ एक सरकले. त्याने मानचिन्ह आजींच्या हातात ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

"आजी, तब्येतीला जपा. फार जपा."

"कसा आहे मुलगा?" संध्याकाळी मॅडमनी विचारलं.

"वयाच्या मानाने फारच समजूतदार."

मॅडमचे डोळे भरून आले. या पिढीवर आपला पहिल्यापासून विश्वास होता, असं त्या म्हणाल्या.

आता तुमचं. तुम्ही ही गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत, त्याअर्थी मराठी वाचणारा तरुण अजून शिल्लक आहे असं लवकरच जाहीर होईल. चौकशीला कोणी आलं तर चष्मा तेवढा काढून ठेवा आणि वय नातवाचं सांगा.