दाराबाहेर सासूबाई

नव्या सुनेने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तरी तिसऱ्या तासाला तिच्या चेहऱ्यावरचं हसू ताणलेलं दिसू लागलं. लग्नाला चार महिने झाले होते. ती, नवरा, सासूबाई आणि सासरे असे चौघे पहिल्यांदाच बसने नवऱ्याच्या आत्याकडे निघाले होते. प्रवास सहा तासांचा, आणि तिची लहानपणापासूनची खोड अशी, की बाहेर कुणाची नुसती चाहूल लागली तरी आत सगळं ठप्प! घरीसुद्धा ती नळ सोडून बसायची. दाताच्या दवाखान्यात दिवसभर अनोळखी लोकांना बिनधास्त "आ करा" सांगणारी ही मुलगी या एका बाबतीत पार लाजाळू होती.

बस थांबली. "दहा मिनिटं!" ड्रायव्हर ओरडला.

ती उठली, तर सासूबाईही उठल्या. निवृत्त गणिताच्या बाई त्या. घरात सून अजून त्यांच्याशी मनात वाक्य जुळवून मगच बोलायची.

बायकांच्या बाजूला एकच संडास चालू होता आणि त्याच्या दाराला कडीच्या जागी नुसतं भोक. आतला नळ फिरवला, तर तो दोनदा खोकला आणि गप्प बसला.

"बस तू निवांत. मी दार धरते," सासूबाई म्हणाल्या.

निवांत कसली! ज्या बाईसमोर शिंकायचीही चोरी, ती वीतभर अंतरावर उभी. मध्ये एक फळकुट आणि मागे रांग. मिनिट गेलं, दोन गेली.

"झालं का गं?"

"नाही अजून."

"बरं वाटत नाहीये का?"

"तसं नाही, आई..." शेवटी लाजेपेक्षा निकड मोठी ठरली. "कुणी ऐकतंय असं वाटलं की मला होतच नाही. तुम्ही जरा मोठ्याने काहीतरी बोलाल?"

आत्याकडे पोचेपर्यंत आपली चांगलीच शोभा होणार, असं सुनेला वाटलं.

"काय बोलू?"

"काहीही!"

काहीही म्हटल्यावर पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"बारा एके बारा! बारा दुणे चोवीस!"

शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. बारा चोकपासून रांगेतल्या बायकाही सुरात सामील झाल्या. बारा दाहेपर्यंत आत काम फत्ते झालं होतं.

ती बाहेर येताच सासूबाईंनी पर्स तिच्या हातात कोंबली आणि घाईने आत शिरल्या. दार लोटता लोटता हळूच म्हणाल्या, "आता तू म्हण. माझंही तेच आहे. शाळेतल्या अख्ख्या नोकरीत रोज घरी येईपर्यंत कळ काढली मी. सतराचा घे."

सुनेने डोळे विस्फारले. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"सतरा एके सतरा!" तिने दणक्यात सुरुवात केली. सतरा सक एकशे दोनपर्यंत ठीक चाललं. "सतरा साता... सतरा साता..."

"एकशे बारा!" रांगेतली एक म्हणाली.

"छे, एकशे बावीस!" दुसरी म्हणाली. दोघींची जुंपली.

"एकशे एकोणीस!" आतून गर्जना झाली. "अगं, मध्येच थांबू नकोस! तू थांबलीस की मीही थांबते!"

सून इतकी हसली, की दार हातून सुटता सुटता राहिलं.

दोघी डोळे पुसत बसमध्ये चढल्या आणि शेजारी शेजारी बसल्या. "काय झालं?" नवऱ्याने विचारलं. "काही नाही!" दोघी एकदमच म्हणाल्या. पण बस हलेना. सासऱ्यांचा पत्ता नव्हता. चौथ्या हॉर्नला ते धापा टाकत आले. त्यांच्यामागून आणखी पाच-सहा पुरुषही चढले.

"अहो, एवढा वेळ?" सासूबाई म्हणाल्या.

"मधली भिंत वरून उघडी आहे," सासरे आवाज खाली आणत म्हणाले. "तुमच्या बाराच्या पाढ्यावर आमची रांग काय झकास सरकत होती! पण सतरा साताला तुम्ही अडलात, आणि तिकडे सगळेच अडकले."